जुन्या 407 चा आवाज कमी करायचाय, स्टिरिओपण बदलायचाय. आधी काय?

कास्टिंगवाला:
नमस्कार मंडळी. गाडी टाटा 407, 2006 चं मॉडेल, वडिलांनी घेतलेली. आता मीच चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही. शिरोलीतल्या फौंड्रीतून कास्टिंग उचलायचं, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या मशीन शॉपना पोचवायचं, येताना तयार माल मिळाला तर भरायचा. दिवसाचा बराचसा वेळ केबिनमध्येच जातो. इंजिनाचं काम दिवाळीत पूर्ण करून घेतलंय आणि गाडी विकायची नाही, त्यामुळे "नवीन घे" हा सल्ला कृपया नको.

त्रास आवाजाचा आहे. हायवेला 50-55 च्या पुढं गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. घरी गेल्यावरही कानात घूं चालूच असतं. स्टिरिओ वडिलांच्या काळातला, पेनड्राइव्ह त्याच्या मनात असेल तर घेतो. स्पीकर दोन, डोक्यावरच्या प्लायच्या खोक्यात, त्यातल्या एकाचा कागद फाटलाय.

एका दुकानात विचारलं तर अँड्रॉइड स्क्रीन, चार स्पीकर, अँप्लिफायर, सबवुफर मिळून 38 हजार सांगितले. माझी तयारी 25 पर्यंत. एक मित्र म्हणतो आधी केबिनला आतून आवाज दाबणारी शीट मार, मग बघ. कुणी केलंय का? पैसा कुठं आधी घालावा?

मटण_लोणचं:
407 मध्ये शांतता कशाला पायजे भावा? इंजिन गप झालं तर डुलकी लागंल.

रंकाळ्याचा_वारा:
नवीन घे. (पळतो.)

उद्यमनगरी:
कास्टिंगवाला, खिशात हात घालायच्या आधी आवाज नेमका कुठून येतोय ते बघा. चार-पाच वेगवेगळे आवाज एकत्र झालेले असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं.

407 सेमी-फॉरवर्ड गाडी. इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये, तुमच्या डाव्या गुडघ्याशेजारी. तुमच्यात आणि इंजिनात फक्त ते कव्हर. त्याच्या कडेचं रबर चपटं झालं असेल किंवा क्लिपा ढिल्या असतील तर बाकी केबिनला सोन्याचा पत्रा मारा, काही फरक पडणार नाही.

गाडी सपाटीला उभी करा. न्यूट्रल, हँडब्रेक, काचा बंद. हळूहळू रेस वाढवा. एका ठरावीक रेसला सगळी केबिन घुमायला लागते ना? तिथंच रेस धरायला दुसऱ्याला सांगा आणि तुम्ही तळहातानं दरवाज्याचा पत्रा, छत, सीटमागची भिंत एकेक करून दाबत जा. जिथं दाबल्यावर घुमणं कमी होईल तिथं खडूनं फुली मारा. शीट तिथं लावायची. सगळीकडं नाही.

मग फाउंडेशनचे रबर, म्हणजे इंजिन चेसिसवर ज्या रबरांवर बसतं ते. इंजिन केलं तेव्हा बदलले का? रबर कडक झालं की इंजिनाची थरथर सरळ चेसिसमध्ये आणि तिथून केबिनमध्ये. केबिन ज्या रबरांवर बसलीय त्यांचंही तेच. मेकॅनिक इंजिन उतरवतो, रिंगा-पिस्टन घालतो आणि जुन्याच फाउंडेशनवर परत बसवतो, हे आमच्या उद्यमनगरात रोज बघतो.

आणि भोकं. पेडलची, गिअरच्या बुटाची, स्टिअरिंगच्या दांड्याची, वायरिंगची. अंधार पडल्यावर केबिनमध्ये बल्ब लावा आणि गाडीखाली वाकून बघा. जिथून उजेड खाली पडतो तिथून आवाज वर येतो.

आता फोमबद्दल, कारण इथं कुणीतरी "योगा मॅट लाव" म्हणणारच. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, 2000 आरपीएम धरा. सेकंदाला 66-67 स्फोट होतात. म्हणजे तुमचं ते घूं साधारण 66 हर्ट्झचं, आणि त्या लहरीची लांबी पाच मीटर. अर्ध्या इंचाचा फोम तिला काय अडवणार? ते घूं फाउंडेशनच्या रबरानं आणि पत्रा जड करून कमी होतं. टॅपेटची (इंजिनाच्या व्हॉल्व्हची) टकटक, टायरची सळसळ, वारा यांना मात्र फोम चालतो.

योगी_407:
मी योगा मॅटच म्हणणार होतो. गप बसतो.

कास्टिंगवाला:
@उद्यमनगरी, फाउंडेशन बदललेले नाहीत, मिस्त्रीला आत्ताच विचारलं. रात्री बल्बचा प्रयोग केला. गिअरच्या बुटाखाली रस्ता दिसतोय राव! आणि क्लचच्या पेडलजवळ दोन बोटं जातील एवढी फट.

घाटवाट:
मला हा सगळा प्रकारच पटत नाही, तर स्पष्टच लिहितो. मी गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून कोकणात माल नेतो, कधी फोंड्यानं. गाडीत मीटर नावाला आहेत, खरा मीटर म्हणजे कान. टर्बोच्या पाइपची क्लिप निसटली तर आधी शिट्टी येते, मग धूर दिसतो. मागच्या जोडटायरात दगड अडकला तर टकटक येते. एअर कुठं लीक होत असेल तर सुस्स येतं. केबिन गादीसारखी करून वर चार स्पीकर लावले तर यातलं काय ऐकू येणार? घाटात वळणावर समोरचा हॉर्न ऐकू आला नाही तर त्या स्टिरिओचं काय करायचं?

नव्या पोरांना आराम पाहिजे, ठीक आहे. पण लोखंड भरून चालताना गाडीचं ऐकावं लागतं.

मटण_लोणचं:
घाटवाट अण्णांचं बरोबर हाय. आमच्या गाडीत तर सगळंच ऐकू येतंय, फक्त कशाचं काय ते कळत न्हाई.

माळवं_पिकअप:
घाटवाट दादा, मुद्दा मान्य, पण अनुभव थोडा उलटा आहे. माझी बोलेरो पिकअप, पहाटे शाहू मार्केट यार्डात माळवं टाकते. फाळक्याच्या साखळ्या एवढ्या वाजायच्या की बाकी काही कळायचंच नाही. सायकलची जुनी ट्यूब हातभर कापली, साखळी तिच्यातून ओवून घेतली, फाळक्याच्या खिट्टीखाली ट्यूबचाच तुकडा दुमडून घातला. खर्च शून्य. दुसऱ्याच दिवशी यार्डातनं रिकामी गाडी घेऊन येताना पुढच्या डाव्या चाकातनं घर्रर्र ऐकू आलं. बेअरिंग जायला आलं होतं. ते किती दिवस वाजत होतं देव जाणे, साखळ्यांच्या गोंगाटात दबलं होतं.

म्हणजे खडखड घालवली की कामाचा आवाज वर येतो. सगळाच आवाज मारायचा नाहीये कुणाला.

कास्टिंगवाला, तुमच्याही फाळक्याच्या साखळ्या बघा. खाली गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त वाजते ना? मग अर्धा आवाज हौद्याचा आहे, केबिनचा नाही.

आणि दरवाज्याचं बिडिंग तपासायला दहाची नोट घ्या. दरवाज्यात धरून दरवाजा लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथं रबर दाबत नाही. चारी बाजूंनी असं बघत जायचं. माझ्या दरवाज्याच्या मागच्या कोपऱ्यात नोट वाऱ्यानंच बाहेर आली असती. बिजागरी खाली बसली होती, ती वर घेतल्यावर नव्या बिडिंगची गरजच पडली नाही.

घाटवाट:
साखळ्यांचं पटलं ताई. ट्यूब लावतो. स्पीकरचं नाही पटलं.

डॉल्बी_बंद:
आयडी बघून हसू नका, मी गणपती-नवरात्रात मंडळांना साउंड लावतो. त्यामुळे वॅटचे आकडे सांगून लोकांना कसं गंडवतात ते आतून माहीत आहे.

कास्टिंगवाला, त्या स्टिरिओच्या खोक्यावर "4 × 50 वॅट" लिहिलं असेल. मागचा फ्यूज बघा, बहुतेक 10 अँपिअरचा निघेल. गाडी चालू असताना 14 व्होल्ट धरले तरी 14 गुणिले 10, म्हणजे 140 वॅट. तेवढेच आत जातात, त्यातलेही काही उष्णतेत जातात. मग बाहेर 200 कुठून येणार? तो आकडा क्षणभराच्या शिखराचा. सलग मिळणारी पॉवर, ज्याला आरएमएस म्हणतात, ती चॅनलला 15-20 वॅट. आणि घाबरू नका, केबिनला तेवढी पुरते. पण कधी पुरते ते ऐका.

आवाज 3 डेसिबलनं वाढवायला पॉवर दुप्पट लागते. 6 डेसिबल वाढवायला चौपट. तुमची केबिन आज गोंगाटाच्या ज्या पातळीला आहे तिथं गाण्याचे शब्द कळायला गाणं त्याच्या वर न्यावं लागतं. समजा उद्यमनगरींचे उपाय करून गोंगाट 6 डेसिबलनं खाली आला. मग तेच गाणं तेवढंच स्पष्ट ऐकायला पॉवर एक चतुर्थांश लागेल. दुकानदार तुम्हाला जो अँप्लिफायर विकतोय त्याचं काम रबराचे तुकडे फुकटात करतात. म्हणून आधी शांतता, मग स्टिरिओ. हे मी साउंडवाला असून सांगतोय.

घाटवाट काका, तुमच्यासाठी पण हेच. शांत केबिनमध्ये गाणं हळू लागतं, आणि हळू गाण्यातनं समोरचा हॉर्न ऐकू येतो. आत्ता जो माणूस गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम पूर्ण फिरवतोय त्यालाच हॉर्न ऐकू येत नाही.

कानाचा हिशेब पण असाच चालतो. 85 डेसिबलमध्ये 8 तास ही कामाच्या ठिकाणी धरतात ती मर्यादा. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2. कानात घूं राहतं म्हणजे कान तक्रार करतोय. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्या, तासाभराचं पण काम नाही.

मटण_लोणचं:
मग मिरवणुकीत आम्ही पापाच्या तिकटीला डॉल्बीपुढं उभारतो त्याची मर्यादा किती तास?

डॉल्बी_बंद:
तासात नाही, मिनिटात. आणि मी कानात बोळे घालून उभा असतो हे लक्षात ठेव.

मिरज_जंक्शन:
स्टिरिओ घेताना रेडिओ बघून घ्या. नुसती स्क्रीन मोठी असून उपयोग नाही. बऱ्याच अँड्रॉइड सेटला एएम चांगलं लागतच नाही. आमच्या काकांच्या ट्रकमध्ये सांगली आकाशवाणी लागायची, 1251 किलोहर्ट्झ, मिडियम वेव्ह. सकाळी बाजारभाव, दुपारी भावगीतं. पुढं त्यांनी बाहेरून आणलेला एक भारी सेट बसवला आणि सांगली गायबच. कितीही बटण दाबा, 1250 वरनं थेट 1260. कारण सेट अमेरिकेच्या रीजनवर होता, तिथं एएमची पायरी 10 किलोहर्ट्झची. आपल्याकडं 9 ची. सेटिंगमध्ये रीजन बदलल्यावर 1251 आपोआप आलं. एफएमला पण हे होतं, अमेरिकेच्या रीजनला 200 किलोहर्ट्झच्या उड्या पडतात. टोमॅटो एफएम 94.3 लागेल, पण दशांशात सम आकडा असलेलं स्टेशन असेल तर त्यावर काटा बसणारच नाही.

रंकाळ्याचा_वारा:
आजकाल रेडिओ कोण ऐकतं?

मिरज_जंक्शन:
ज्याला अंबा घाटात नेटवर्क मिळत नाही तो.

सहाचाकी:
धागा पळवत नाही, पण माझ्याकडं 1613 आहे. 24 व्होल्ट. वायरमननं दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरनं 12 व्होल्टची वायर काढून स्टिरिओ जोडलाय. चालतोय मस्त. पण दर वर्षी एक बॅटरी जातीय. ह्याचा त्याचा संबंध असंल का?

उद्यमनगरी:
@सहाचाकी, शंभर टक्के आहे. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एका माळेत चार्ज करतो. तुम्ही एकीतूनच काढताय, म्हणून ती कायम अर्धपोटी आणि दुसरी कायम गळ्यापर्यंत. अर्धपोटी बॅटरी सल्फेट होऊन मरते, दुसरीचं पाणी उकळून जातं. मग दुकानदार एकच नवी देतो आणि तमाशा परत सुरू. 24 ते 12 चा कन्व्हर्टर लावा. स्वस्तातला घेतलात तर रेडिओत खरखर येईल, तेवढं बघून घ्या.

सहाचाकी:
म्हणजे वायरमनच्या अंगठ्याएवढ्या वायरीनं माझ्या बॅटऱ्या खाल्ल्या व्हय. आभार.

चिखलीकर:
शीट मारणाऱ्यांनो, एक गोष्ट आधी वाचा. ऑगस्ट 2019 ला आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा टेम्पो दारातच होता, पाणी सीटपर्यंत. नंतर धुतला, वाळवला, चालू केला. फ्लोअरवर रेक्झिन आणि त्याखाली तागाचा नमदा होता, तो उचलून बघायचं कुणाला सुचलं नाही, वरनं कोरडा दिसत होता. पुढच्या पावसाळ्यात क्लीनरचा पाय पत्र्यातून खाली. खालचा पत्रा पापडासारखा सुटत होता.

पूर सोडा, गगनबावडा-राधानगरीकडं जाणाऱ्याच्या बुटाचं पाणीच चार महिने फ्लोअरवर असतं. म्हणून फ्लोअरला पाणी पिणारं काहीही घालू नका. नमदा नाही, गादीचा स्पंज नाही, चटई नाही. आधी गंज घासून प्राइमर मारा. आणि वरचा थर चिकटवू नका, नुसता अंथरा, म्हणजे वर्षातनं दोनदा उचलून वाळवता येईल. दरवाज्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, शीट मारणारा पोरगा उत्साहात तीही बुजवतो. उभं राहून बघा.

कास्टिंगवाला:
@चिखलीकर, 2021 ला हायवे बंद झाला तेव्हा आमची गाडी शिरोलीतच अडकली होती, पण पाण्याबाहेर होती. तरी फ्लोअर उघडतो.

मग घालायचं काय, ते नावानिशी सांगा कुणीतरी. दुकानदार म्हणतो "इंपोर्टेड शीट", माझ्या पदरात काय पडतंय ते कळत नाही.

उद्यमनगरी:
तीन वस्तू, तीन कामं.

एक, ब्युटाइल शीट, वर अॅल्युमिनियमची फॉइल, साधारण दोन मिलिमीटर. हिचं काम पत्र्याचं घुमणं थांबवणं. वाजणाऱ्या ताटावर बोट ठेवलं की नाद बंद होतो, तसं. म्हणून पत्र्याच्या मधल्या भागात तिसरा हिस्सा झाकला तरी बहुतेक काम होतं. दुकानदार शंभर टक्के झाकायला सांगेल, कारण तो चौरस फुटानं विकतो. रोलर मात्र जोर लावून फिरवा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. नुसती हातानं चिकटवलेली शीट मे महिन्यात सुटते. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी पट्टी, वर चांदी असलेली, ती "तीच हो" म्हणून विकतात. उन्हात केबिनभर डांबराचा वास येतो आणि छतावरची पट्टी टोपीवर पडते.

दोन, बंद पेशींचा फोम. एसीच्या पाइपवर काळा रबरी फोम चढवतात ना, नायट्राइलचा, तोच शीटमध्ये मिळतो. लक्ष्मीपुरीत नाहीतर रेफ्रिजरेशनचं सामान विकणाऱ्याकडं विचारा. पाणी पीत नाही, उष्णताही अडवतो.

तीन, जड थर. मास लोडेड व्हिनाइल, चौरस मीटरला पाच किलोच्या आसपासचं. फ्लोअर आणि इंजिन कव्हरसाठी. फोम खाली, हा वर. ट्रकला दहा-पंधरा किलोचं काय ओझं? हे नाही परवडलं तर जाड रबरी मॅट टाका, कन्व्हेयर बेल्टचे तुकडे भंगारात मिळतात ते पण चालतात. जड आणि सलग पाहिजे एवढंच. या थराला मात्र फट चालत नाही. शीटचा नियम इथं उलटा.

इंजिन कव्हरच्या आतल्या बाजूला फक्त उष्णतेला टिकणारं, फॉइल लावलेलं ग्लासवूल, तेही पत्र्याच्या पट्ट्या रिव्हेट करून घट्ट. पॅकिंगचा पांढरा फोम, थर्माकोल, गोणपाट यातलं काही तिथं घालू नका. डिझेल-ऑइल पितं आणि एक्झॉस्टजवळ पेट घेतं.

घाटवाट:
एवढं सगळं कराल आणि एप्रिलात काचा उघड्याच ठेवाल. मग?

माळवं_पिकअप:
हा प्रश्न लाखमोलाचा.

पासिंगवाला:
त्यावर सरकारनं उत्तर दिलंय, पण नव्या गाड्यांसाठी. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या एन-2 आणि एन-3, म्हणजे साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. जुन्या 407 ला लागू नाही, स्वतःच्या खर्चानं लावा.

पासिंगला स्टिरिओ आणि शीट अडचणीची नाही. आठ वर्षांवरची गाडी दरवर्षी पासिंगला जातेच, तिथं लोंबकळणाऱ्या वायरी दिसल्या की प्रश्न येतात. आणि कृपा करून त्याच वायरमनकडनं म्युझिकल हॉर्न बसवून घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 119 मध्ये दोन-तीन सुरांचे हॉर्न बसत नाहीत.

मटण_लोणचं:
घ्या, एवढी एकच हौस होती.

उद्यमनगरी:
@घाटवाट, काचेचा मुद्दा खरा आहे. काच उघडी असली की वारा आणि शेजारच्या गाड्या येणारच, त्याला उपाय नाही. पण काच का उघडावी लागते? निम्मी उष्णता इंजिन कव्हरमधून आणि छतातून येते. कव्हर आणि छत झाकलं की डावी काच बंद आणि उजवी चार बोटं उघडी, एवढ्यावर भागतं. दुपारी बारा ते तीन मात्र तुम्ही जिंकलात.

झणझणीत:
विषयांतर आहे, पण शिरोली ते कागल रोज जाणारे नाश्ता कुठं करता? हायवेवर मिसळीला ट्रक लावायला जागा असलेलं ठिकाण सांगा.

(यानंतरचे मिसळीचे बावीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथं गाडीचं बोला. – व्यवस्थापक)

कास्टिंगवाला:
बरेच दिवसांनी येतोय, काम झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

सुरुवात फाउंडेशनपासून केली. चारही रबर नवे. जुने हातात घेऊन बघितले तर नखाचा ठसा उमटत नव्हता. एवढ्यानंच आयडलची थरथर गेली, आरशात मागची गाडी आता एकच दिसते. मग गिअरचा बूट, पेडलच्या फटीला रबर, स्टिअरिंगच्या दांड्याला नवा ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं). साखळ्यांत ट्यूब ओवली, त्याचा फरक खाली गाडीत सर्वांत जास्त, माळवं ताईंना एक मिसळ लागू.

फ्लोअर उघडला, ड्रायव्हरच्या टाचेखाली गंज होता, पण भोक नव्हतं. घासून प्राइमर, त्यावर नायट्राइल, वर बेल्टिंगचा तुकडा, न चिकटवता. खडूच्या फुल्या सीटमागच्या भिंतीवर आणि दोन्ही दरवाज्यांवर आल्या होत्या, तेवढ्याच भागात ब्युटाइल. छताला फक्त नायट्राइल. कव्हरला आतून ग्लासवूल, कडेला नवं रबर.

मोबाइलच्या अॅपवर उजळाईवाडीच्या पट्ट्यात 55 च्या वेगाला आधी 88-89 दिसायचं, आता 82-83. अॅप खरं किती ते माहीत नाही, पण दोन्ही वेळा तोच फोन, त्याच जागी. शेजारच्याशी बोलता येतं. मजुरीसकट 13 हजारांच्या आत भागलं, कारण निम्मं काम मी आणि धाकट्या भावानं रविवारी केलं.

उरलेल्या पैशात साधा सिंगल डिन सेट, ब्लूटूथवाला. माझ्या डॅशला 180 बाय 50 मिलिमीटरचाच खाचा आहे, मोठी स्क्रीन बसवायला पत्रा कापावा लागला असता. दरवाज्यात साडेसहा इंची स्पीकरची जोडी. अँप नाही, सबवुफर नाही. डोक्यावरचं खोकं काढून टाकलं, तिथं आता कागदपत्रं. व्हॉल्यूम निम्म्याच्या पुढं न्यायची वेळ आलेली नाही.

एकच कटकट राहिलीय. फोन ऑक्स वायरनं जोडून चार्जिंगला लावला की स्पीकरमधनं बारीक शिट्टी येते, रेस वाढवली की तीही वर चढते. ब्लूटूथवर येत नाही.

डॉल्बी_बंद:
शाब्बास. दरवाज्यात स्पीकर बसवताना आतली मोठी भोकं शीटनं बुजवली असतील तर बेस पण आला असेल, स्पीकरची मागची हवा पुढं येत नाही म्हणून.

शिट्टी अल्टरनेटरची आहे. चार्जरची अर्थिंग एका जागी, सेटची दुसऱ्या जागी, मध्ये ऑक्सच्या वायरीतून वर्तुळ पूर्ण होतं. सेटची काळी वायर कुठं आवळलीय? डॅशच्या स्क्रूला असेल तर काढा. केबिनच्या पत्र्यावर रंग खरवडून चकचकीत जागा करा, तिथं बोल्टनं घ्या आणि चार्जरच्या सॉकेटची अर्थिंग पण त्याच बोल्टला. नाही गेली तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, छोटी डबी असते. लगेच फिल्टर विकत घेऊ नका.

आणि पिवळी वायर बॅटरीवरून घेतलीय ना, तिचा फ्यूज बॅटरीजवळ हातभर अंतरात पाहिजे. सेटच्या मागचा फ्यूज सेटला वाचवतो. वाटेत वायर चेसिसला घासून सोलली तर गाडीला तो वाचवत नाही.

कास्टिंगवाला:
सेटची अर्थिंग डॅशच्या स्क्रूलाच होती. खरवडून एका बोल्टला घेतली, शिट्टी गेली. फ्यूज बॅटरीजवळ नव्हता, आता बसवला.

घाटवाट:
ट्यूब ओवली. गिअरचा बूट पण बदलला. स्पीकर लावणार नाही.

माळवं_पिकअप:
दादा, पुढच्या पावसाळ्यात विचारते परत.

सहाचाकी:
@डॉल्बी_बंद, कन्व्हर्टर किती अँपिअरचा घेऊ? सेटचा फ्यूज 10 चा आहे. दुकानात 5 चा स्वस्त मिळतोय.

डॉल्बी_बंद:
5 चा बेसच्या ठोक्याला बंद पडेल. 15 चा घ्या, आणि मोबाइल चार्जर त्याच कन्व्हर्टरवर टाका, बॅटरीच्या मधल्या टर्मिनलवर नको. जुनी वायर तिथनं पूर्ण काढा, टोक टेप लावून सोडू नका.

सहाचाकी:
शनिवारी बसवतो. वायरमन दुसरा बघतो.